हापूसच्या पेटीतलं लिंबू

मे महिन्यात मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याच्या तिठ्याजवळ आंब्याचे मांडव लागतात. गाड्या थांबतात, काचा खाली होतात, भाव विचारला जातो आणि भावाच्या मागोमाग एक प्रश्न येतोच, "रत्नागिरीचाच ना?" विचारणारा उभा असतो रत्नागिरी तालुक्यात. शहर तिथून पाव-अर्ध्या तासावर. तरी त्याला खात्री हवी असते. मांडवातली बाई म्हणते, "दादा, घरचा आहे, आमच्या परड्यातला." गिऱ्हाईक मान हलवतं, पेटीच्या तळाशी हात घालून एक फळ वर काढतं, देठाशी हुंगतं आणि तरीही दोनशे रुपये कमी करायला सांगतं.

बाई खरं बोलत असेल. बहुधा बोलतच असते. अडचण अशी की खोटं बोलणारी बाईसुद्धा हेच वाक्य याच सुरात बोलली असती. गिऱ्हाइकाला हे ठाऊक असतं, आणि ते दोनशे रुपये त्या शंकेचे असतात.

या दोनशे रुपयांचा हिशोब ज्याने पहिल्यांदा नीट मांडला, त्याला २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ त्याचं नाव. त्याने हापूसवर एक अक्षर लिहिलेलं नाही, लिहिलं ते जुन्या मोटारींवर. पण रत्नागिरीत राहून त्याचा निबंध वाचला की माणूस मोटारी विसरतो आणि पेट्या मोजायला लागतो. निदान माझं तरी तसं झालं.

अमेरिकेत घेतल्यावर बिघडत राहणाऱ्या गाडीला बोलीभाषेत ‘लेमन’ म्हणतात, म्हणजे लिंबू. आपल्याकडे लिंबूटिंबू म्हणजे खेळात घेतलेलं पण बाद न होणारं पोर. ते कुणाचं काही बिघडवत नाही. तिकडचं लिंबू मात्र सगळा डाव बिघडवतं. ‘लिंबांचा बाजार’ या नावाने ओळखला जाणारा हा निबंध अ‍ॅकरलॉफने १९६६-६७ च्या सुमारास, वयाच्या सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी लिहिला. तेव्हा तो नुकताच कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात शिकवायला लागला होता. कोरी गाडी दुकानाबाहेर पडली की दुसऱ्याच दिवशी तिची किंमत एवढी का घसरते, हा साधा प्रश्न त्याला पडला होता. लोक म्हणत, नव्या गाडीची हौसच तशी असते. त्याला ते पटेना. त्याचं म्हणणं असं की, जो माणूस कोरी गाडी आठवड्यात विकायला काढतो, त्याच्याकडे बघून घेणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो: हा का विकतोय? नक्कीच काहीतरी खोट असणार.

निबंध छापून यायला तीन वर्षं गेली. १९६७ साली त्याने तो एका मोठ्या अमेरिकन नियतकालिकाला पाठवला आणि स्वतः वर्षभरासाठी भारतात आला, दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. नकाराचं पहिलं पत्र त्याला इथेच मिळालं. इतक्या क्षुल्लक विषयावर आम्ही लेख छापत नाही, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या नियतकालिकानेही साधारण तेच कारण दिलं. तिसऱ्याने उलटं सांगितलं: हे चूक आहे, कारण हे खरं असेल तर अर्थशास्त्रच वेगळं व्हायला हवं. तिथल्या परीक्षकाने उदाहरण दिलं होतं अंड्यांचं. अंडी लहानमोठी असतातच, व्यापारी ती निवडून वेगवेगळी विकतो, त्यात अडचण काय? अखेर चौथ्या ठिकाणी, ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये, ऑगस्ट १९७० च्या अंकात ती तेरा पानं छापली गेली. क्षुल्लकही आणि अशक्यही, असे दोन्ही आरोप एकाच लिखाणावर झाले की समजावं, कुणीतरी सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची गोष्ट पाहिली आहे.

आता ती गोष्ट आंब्याच्या भाषेत मांडतो. आकडे माझ्या मनातले आहेत, बाजारातले नव्हेत.

समजा, बाजारात १०० पेट्या आल्या. काही अस्सल कोकणच्या, काही दुसरीकडच्या, पण खोकी सगळी सारखी आणि सगळ्यांवर ‘रत्नागिरी हापूस’ छापलेलं. गिऱ्हाइकाच्या लेखी अस्सल पेटीची किंमत २,००० रुपये आणि दुसरीची १,०००. फवारणी, राखण, तोड, खोकं, भाडं हा सगळा खर्च पाहता बागायतदाराला अस्सल पेटी १,७०० च्या खाली परवडत नाही. दुसरा माल ७०० ला विकूनही विकणारा खूश असतो. बाहेरून ओळखू येत नाही, म्हणून भाव सगळ्यांना एकच.

त्या १०० पेट्यांत २० बनावट असल्या तर? गिऱ्हाईक सरासरीचा विचार करतं. त्याला सरासरीने १,८०० रुपयांचा माल मिळणार, तेवढेच तो देतो. म्हणजे अस्सलवाल्याला २,००० च्या मालाचे १,८०० मिळाले, दर पेटीमागे २०० गेले. ८० पेट्यांचे मिळून १६,०००. बनावटवाल्याला १,००० च्या मालाचे १,८०० मिळाले, दर पेटीमागे ८०० जास्त. २० पेट्यांचे मिळून तेही १६,०००.

इथे जरा थांबावं. दोन्ही आकडे सारखे आले ते योगायोगाने नाही. ज्याच्या हाती बनावट पेटी पडली त्याला ८०० चा फटका बसला, ज्याला अस्सल मिळाली त्याचे २०० वाचले. सगळ्या गिऱ्हाइकांचा मिळून हिशोब केला तर त्यांचं काही गेलं नाही, कारण संशय धरून त्यांनी भाव आधीच पाडून घेतला होता. सोळा हजार रुपये बागायतदाराच्या खिशातून निघाले आणि बनावटवाल्याच्या खिशात गेले. आपण समजतो, भेसळीत खाणारा फसतो. एकटा खाणारा फसतो हे खरंच, पण सगळ्या बाजारातल्या फसवणुकीची वर्गणी भरतो तो न फसवणारा विक्रेता. रत्नागिरीच्या बागायतदाराचा दर हंगामातला संताप हा नुसता अभिमानाचा नसतो, तो या सोळा हजारांचा असतो.

आणि हे इथवर थांबत नाही. बनावट पेट्या २० च्या ३० झाल्या की सरासरी बरोबर १,७०० वर येते. बागायतदार कसाबसा तग धरतो. एकतिसावी बनावट पेटी आली की सरासरी १,६९० होते. मग तो म्हणतो, नको तो बाजार, मी आपला ओळखीत विकतो, नाहीतर कॅनिंगला घालतो. अस्सल माल निघून गेला की उरतो फक्त बनावट, आणि भाव कोसळतो १,००० वर. म्हणजे २,००० द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक आहे, १,७०० ला द्यायला तयार असलेला बागायतदार आहे, दोघांचंही भलं होणार आहे, आणि सौदा होत नाही. अ‍ॅकरलॉफच्या आधीचं अर्थशास्त्र सांगत होतं की घेणारा आणि देणारा राजी असले की बाजार आपोआप जुळतो. याने दाखवलं की माहिती एकाच बाजूला असेल तर राजी असूनही जुळत नाही. लबाडी उरलेल्या बाजाराला नुसती महाग पडत नाही, ती बाजारच उठवते. लबाडीची किंमत या विषयाला त्या तेरा पानांत एक स्वतंत्र भाग आहे.

वाईट नाणं चांगल्या नाण्याला हुसकावतं, हा ग्रेशमचा जुना नियम आपल्याकडे रुपयाच्या इतिहासात पुष्कळ चघळला गेला. (‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली लिहिणारे डॉ. आंबेडकर मूळचे याच जिल्ह्यातल्या, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, हे जाता जाता.) लिंबांचा बाजार त्यासारखाच दिसतो, पण फरक आहे, आणि तो अ‍ॅकरलॉफने स्वतःच दाखवला आहे. नाण्यातलं चांगलं-वाईट देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही कळतं. आंब्यात ते एकालाच कळतं.

ते नेहमी एकालाच कळतं का? नाही, आणि इथे हापूस मोटारीपेक्षा अधिक शिकवतो. हापूसला साका नावाची खोड आहे. वरून फळ देखणं, वास बरोबर, रंग बरोबर; कापलं की बाठ्याभोवती पांढरट, आंबूस, भुसभुशीत गर. तो साका बागायतदाराला कळत नाही, दलालाला कळत नाही, फळविक्याला कळत नाही. फळ कापेपर्यंत तो देवालाच ठाऊक. फळ झाडावर जास्त वेळ राहून पक्व झालं की साका वाढतो, कातळाच्या जमिनीतून वर येणारी उष्णता त्याला हातभार लावते, असं मानतात. म्हणून कोकणात आंबा ‘चौदा आणे’ तयार झाला की काढायचा, सोळा आण्यांची वाट पाहायची नाही. उरलेले दोन आणे अढीतल्या पेंढ्यात भरून येतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ ही जात आणली, ती साक्यापासून मुक्त आहे. तरी लोकांना हापूसच हवा.

आता पाहा, साका निघाला म्हणून बागायतदाराला लबाड म्हणणं हा अन्याय आहे. तिथे दोघंही सारखेच अज्ञानी. ही जोखीम आहे, लिंबू नव्हे. डझनाला एखादं फळ जाणार हे दोघांनी धरलेलं असतं आणि भाव त्या हिशोबाने ठरतो, त्याने बाजार मोडत नाही. पण फळ कुठल्या मातीतलं, कधी तोडलं, कशाने पिकवलं, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं आणि घेणाऱ्याला नसतं. बाजार मोडतो तो या तीन गोष्टींनी. गिऱ्हाईक मात्र साका निघाला तर ओरडतं आणि कार्बाइडचा आंबा ‘काय रंग आहे!’ म्हणून घरी नेतं. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. पिकवण्याच्या खोलीत इथिलीन वायू ठरलेल्या प्रमाणात वापरायला परवानगी आहे. दोन्हींनी पिकलेलं फळ टोपलीत शेजारीशेजारी ठेवलं तर तुम्हाआम्हाला काय कळणार?

परराज्यातल्या हापूसबद्दल दोन शब्द. धारवाडकडचा हापूस हा काही वाईट आंबा नाही. कलमं हापूसचीच, फक्त माती आणि हवा वेगळी, समुद्र लांब. तो ‘कर्नाटक हापूस’ म्हणून विकला तर कुणाचीच तक्रार नसावी. आफ्रिकेतल्या मलावीतून थंडीच्या सुरुवातीला येणारा आंबा वाशीच्या फळबाजारात ‘मलावी’ याच नावाने जातो आणि हौशी लोक तो चांगले पैसे मोजून घेतात. भांडण फळाशी नाही, खोक्यावरच्या अक्षरांशी आहे.

मग यावर उपाय काय? अ‍ॅकरलॉफने निबंधाच्या शेवटी त्यांची यादीच दिली: हमी, नावाजलेली मुद्रा, एकाच नावाच्या दुकानांची साखळी, परवाना. ही सगळी माणसाने माहितीच्या विषमतेवर शोधलेली औषधं आहेत. या औषधांचा गुण येतोही. १९८२ साली एरिक बाँड नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या जुन्या मालवाहू छोट्या गाड्यांचा बाजार तपासला. जुन्या विकत घेतलेल्या गाड्यांना जास्त दुरुस्ती लागते असं त्याला आढळलं नाही. म्हणजे लिंबांनी तो बाजार खाल्ला नव्हता. आपल्याकडचं जवळचं उदाहरण सोन्याचं. सोन्याचा कस सोनाराला कळतो, आपल्याला नाही. म्हणून पिढ्यान् पिढ्या घराण्याचा सोनार ठरलेला असे. २०२१ पासून हॉलमार्क बंधनकारक झाला, दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी ओळख आली, आणि परक्या गावात अनोळखी पेढीवर सोनं घ्यायचं धाडस लोकांना होऊ लागलं.

हापूसचा हॉलमार्क म्हणजे भौगोलिक मानांकन, लोकांच्या तोंडी ‘जीआय’. १९९९ च्या कायद्याखाली, बऱ्याच वर्षांच्या वादावादीनंतर, ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्याला ‘हापूस’ हे नाव मिळालं. वादावादी परक्यांशी जितकी, तितकीच आपापसांत. देवगडचा वेगळा की रत्नागिरीचा वेगळा, यावर कोकणात जे बोललं गेलं त्याचा वेगळा लेख होईल. खरं तर १९८१ पर्यंत देवगड हे रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. कायद्यात खोटं मानांकन लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड लिहिला आहे. पण तिठ्यावरच्या एका खोक्यासाठी फिर्याद कोण करणार?

इथे मायकेल स्पेन्सची आठवण काढावी लागते. २००१ चा पुरस्कार एकट्या अ‍ॅकरलॉफला नव्हता. स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ त्यात भागीदार होते. स्पेन्सचं म्हणणं असं की, खऱ्याने आपण खरे आहोत हे दाखवायची खूण अशी हवी की ती खोट्याला महाग पडेल. खऱ्या-खोट्याला सारख्याच खर्चात मिळणारी खूण ही खूणच नव्हे. ही कसोटी खोक्याला लावून पाहा. ‘अस्सल रत्नागिरी हापूस’ छापलेलं रिकामं खोकं बाजारात कुणालाही, कुठेही मिळतं, म्हणून त्या अक्षरांना काडीची किंमत नाही. उलट ‘फळ वाईट निघालं तर बदलून देऊ’ हे वाक्य पेटीवर बागायतदाराच्या फोन नंबरासकट असेल तर ती खूण झाली. ज्याचा माल चांगला त्याला चार फळं बदलावी लागतील, ज्याचा वाईट त्याला चाळीस. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळाफळावर स्वतंत्र क्रमांकाचं, काढायला गेलं की खराब होणारं स्टिकर आणलं, त्यामागचं तत्त्वही हेच. छपाई स्वस्त असते, क्रमांकाची नक्कल महाग. मला हा उपाय सरकारी मानांकनापेक्षा जास्त दमदार वाटतो, कारण त्यात तपासणारा गिऱ्हाईक स्वतः आहे.

तरी मानांकनाकडून भलती अपेक्षा ठेवू नये. ते फळाचं गाव सांगतं, गोडी सांगत नाही. रत्नागिरीच्या मातीतला, पण दहा आण्यांवर तोडलेला आंबाही ‘जीआय’च असतो. आणि खरं सांगायचं तर लिंबांची ही भेसळ आम्ही कोकणवाल्यांनीसुद्धा कमी केलेली नाही. फेब्रुवारी-मार्चला वाशीत पहिल्या पेट्यांना जो भाव मिळतो तो मेमध्ये मिळत नाही, हे कळल्यावर कोवळं फळ उतरवायचा मोह कुणाला होत नाही? पेटीत वरच्या थराला एक आकार आणि खालच्या थराला दुसरा, हे कसब कर्नाटकातून शिकावं लागलेलं नाही. मार्चमध्ये आमचा कोवळा आंबा खाऊन ज्याचं तोंड आंबलं, तो एप्रिलच्या चौदा आण्यांच्या आंब्याकडेही संशयाने बघतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं नाव हे सामाईक पाणवठ्यासारखं असतं. एकाने पाय धुतले की सगळ्यांचं पाणी गढूळ.

हे देशाच्या पातळीवरही घडलं आहे. निर्यातीच्या मालाच्या तपासणीसाठी भारताने १९६३ साली कायदा केला. अ‍ॅकरलॉफने या कायद्याचा उल्लेख आपल्या निबंधात केला आहे. बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे निवडत बसणारी गृहिणीही त्याच पानांत भेटते. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्यावर बंदी घातली ती पुढच्या वर्षी उठली. किडके निघाले ते काही खेपांमधले आंबे, शिक्षा मिळाली सगळ्या बागांना. त्याआधी अमेरिकेचा दरवाजा १८ वर्षं बंद होता. तो २००७ साली उघडला तो लासलगावच्या केंद्रात फळांवर विकिरण प्रक्रिया करून, म्हणजे तपासणीची खात्री पटवून दिल्यावरच.

आतापर्यंत बागायतदाराला माहिती जास्त आणि गिऱ्हाइकाला कमी, असं चित्र रंगवलं. वाशीच्या फळबाजारात पेटी पोचली की हे चित्र उलटं होतं. तिथे आंधळा असतो बागायतदार. त्याची पेटी पहाटे गाळ्यावर उतरते तेव्हा तो पावसला किंवा गणेशगुळ्याला बागेत असतो. भाव काय फुटला, कुणी घेतला, किती डाग निघाले, हे सगळं दलालाची पट्टी, म्हणजे हिशोबाची चिठ्ठी, येईल तेव्हा कळतं. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायची जुनी चाल तर माहिती लपवण्याचीच कला होती. शेजारी उभ्या असलेल्यालाही कळू नये असाच तिचा बेत. पट्टीवरचा भाव खरा की बनावट, हे बागायतदार कसं ताडणार? मग तोही तेच करतो जे तिठ्यावरचं गिऱ्हाईक करतं: मनात शंका धरतो, आणि पुढच्या खेपेला माल देताना हात आखडता घेतो.

दलाल बदलता का येत नाही, याचं उत्तरही त्या तेरा पानांत आहे. मागास भागांतला सावकार एवढं व्याज का लावू शकतो, यावर अ‍ॅकरलॉफने भारताचंच उदाहरण घेतलं. त्याचा मुद्दा असा की गावातल्या माणसाची पत सावकाराला ठाऊक असते, बाहेरच्या पेढीला नसते. बाहेरचा स्वस्त कर्ज द्यायला आला तर त्याच्या गळ्यात बुडवेच पडायचे. आंब्याचा दलालही बहुतेकदा नुसता दलाल नसतो. फवारणीच्या दिवसांत, हाती पैसा नसताना, तो उचल देतो. कुणाच्या बागेत किती मोहोर टिकतो, कोण पैसे फेडतो, कोण दोन गाळ्यांवर माल वाटतो, हे त्याला पिढीजात माहीत. त्या माहितीच्या जोरावर तो बिनतारण पैसे देतो, आणि त्याच जोरावर बागायतदाराला बांधून ठेवतो. दलालाला खलनायक ठरवणारी भाषणं दर हंगामात होतात. त्याच्याइतकी माहिती बाळगून, त्याच्याइतक्या लवकर पैसे देणारी दुसरी सोय उभी राहत नाही तोवर ती भाषणंच राहतील.

स्टिग्लिट्झचा वाटा विम्याचा. विमा घेणाऱ्याला आपली जोखीम जास्त ठाऊक, विमा कंपनीला कमी. सगळ्यांना सारखा हप्ता लावला तर ज्यांची बाग बुडायची खात्री आहे तेच विमा घेतील, हप्ता वाढेल, बरे लोक पळतील. पुन्हा तोच लिंबांचा बाजार. आपल्याकडे आंब्याला फळपीक विमा आहे तो हवामानावर आधारित. तुमच्या बागेत किती नुकसान झालं हे कुणी मोजायला येत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने अवेळी पाऊस, जास्त किंवा कमी तापमान नोंदवलं तर भरपाई. बागायतदाराला याचा राग येतो: ‘पाऊस माझ्या बागेत पडला, यंत्राच्या डोक्यावर नाही पडला, म्हणून पैसे नाहीत!’ राग खरा आहे. पण ही योजना अशी विचित्र का, याचं कारण हेच की पर्जन्यमापकाला खोटं बोलता येत नाही. माहितीची विषमता टाळायची तर थोडा अन्याय पत्करावा लागतो, असा तो सौदा आहे. केंद्रं जितकी जास्त आणि बागेच्या जितकी जवळ, तितका तो अन्याय कमी. मागणी करायची तर ती करावी.

या तिघांना मिळालेल्या नोबेलबद्दलही एक खुलासा. आल्फ्रेड नोबेलच्या १८९५ च्या मृत्युपत्रात अर्थशास्त्र नव्हतंच. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या तीनशेव्या वर्धापनदिनी, १९६८ साली, त्याच्या स्मरणार्थ हा पुरस्कार सुरू केला आणि १९६९ पासून तो दिला जातो. १९९८ मध्ये तो अमर्त्य सेन यांना मिळाला, २०१९ मध्ये आणखी दोघांबरोबर अभिजित बॅनर्जी यांना. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आणि त्यांच्या अर्थशास्त्रज्ञ आई निर्मला या माहेरच्या पाटणकर. त्यामुळे त्या वर्षी मराठी वर्तमानपत्रांनी आपला वाटा हक्काने मागून घेतला होता.

अ‍ॅकरलॉफला नकार देणारा अंडीवाला परीक्षक पूर्ण चुकला होता असं मला वाटत नाही. अंडी खरोखरच निवडून विकली जातात, कारण लहानमोठं डोळ्यांना दिसतं. आंब्याची पेटीही चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी अशी आकाराने लावली जाते आणि खालचा थर पाहून घेतला तर त्यात कुणी फसत नाही. जे दिसतं ते बाजार आपणहून निवडतो. जे दिसत नाही ते सांगायची सोय करावी लागते, आणि ती सोय फुकट होत नाही: स्टिकरला पैसे, नोंदणीला पैसे, फळ बदलून द्यायला पैसे. हा खर्च आज एकटा बागायतदार करतो. गिऱ्हाईक खूण मागतं, पण ती तपासून पाहायचे कष्ट घेत नाही. न तपासलेला क्रमांक आणि छापील खोकं यांत फरक उरत नाही.

म्हणून पेटी घेणाऱ्या वाचकाला एक विनंती. खोक्यावर जिल्ह्याचं नाव वाचू नका, माणसाचं आणि गावाचं नाव शोधा. क्यूआर कोड किंवा क्रमांक असेल तर खाण्याआधी तो तपासा. न जुळला तर पेटी परत करा, निदान विकणाऱ्याला तोंडावर सांगा. आणि फळात साका निघाला तर त्या माणसाला फोन लावा. भांडायला नव्हे. आपल्या कुठल्या कलमाचं फळ आतून गेलं हे त्यालाही माहीत नसतं. ते त्याला तुमच्याकडूनच कळणार आहे.